नळी आतून घासायची कशी?

पुण्यातल्या एका ब्रूपबच्या मागच्या बाजूला, केग ठेवायच्या थंड खोलीच्या दाराशी, मामांनी एक जुनी नळी कटरनं उभी चिरली आणि माझ्या हातात दिली. बाहेरून नळी चांगली दिसत होती. आत बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. नखानं खरवडल्यावर फिकट तपकिरी किटण निघालं आणि त्याखाली पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर लागला. वास शिळ्या ताकाचा. "दर पंधरा दिवसांनी धुवत होते म्हणे," मामा म्हणाले. "पण कशानं, ते विचारा." नुसत्या पाण्यानं धुवत होते.

मामा गेली वीस वर्षं पेयांच्या मशिनांची देखभाल करतात. बिअरचे टॅप, थिएटरातली शीतपेयांची मशिनं, ऑफिसातली कॉफीची यंत्रं. माझं काम अन्नतंत्रज्ञानाचं, त्यामुळे आमची गाठ वारंवार पडते. तो चिरलेला तुकडा मी टेबलाच्या खणात जपून ठेवला आहे. कुणी मला विचारलं की नळ्या धुवायला स्वयंचलित यंत्र हवंच कशाला, तर मी आधी तो तुकडा त्यांच्या हातात देतो.

घरातलं कुठलंही भांडं आठवा. तांब्यात हात जातो, कळशीत काथ्या जातो, बाटलीत ब्रश जातो. काहीच जात नसेल तर मूठभर तांदूळ आणि पाणी घालून खळखळवता येतं. वीस-तीस मीटर लांब आणि करंगळीएवढ्या नळीत काहीही जात नाही आणि आत काय चाललंय तेही दिसत नाही. ही अडचण जुनीच आहे. आपल्याकडे बाळाला दूध पाजायला बोंडलं असायचं. उघडं तोंड आणि बोटभर चोच, दोन मिनिटांत राखेनं लख्ख. त्याच काळात, एकोणिसाव्या शतकात, युरोपात बाळांसाठी लांब रबरी नळीची दूधबाटली आली. बाळाला पाळण्यात ठेवून नळी तोंडात दिली की आई कामाला मोकळी. पण त्या नळीत दूध साचायचं, नासायचं, आणि ती आतून धुवायला काहीच साधन नव्हतं. जुलाबानं इतकी बाळं दगावली की इंग्लंडमध्ये त्या बाटल्यांना थेट खुनी बाटल्या म्हणू लागले. फ्रान्सनं १९१० मध्ये कायदा करून नळीच्या बाटल्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. नळी धुता येत नाही म्हणून ती वापरायचीच नाही, हा त्यांनी काढलेला तोडगा होता. आज तो तोडगा चालणार नाही, कारण बाहेर आपण जे जे पितो त्यातलं बरंच काही कुठल्या ना कुठल्या नळीतून येतं.

मी इथे बिअरच्या नळीबद्दल जास्त लिहिणार आहे. तिच्यावर सर्वांत जास्त विचार झालेला आहे आणि पुण्या-मुंबईत तिचा पसाराही वाढला आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि जागेवर बिअर बनवून थेट टॅपमधून देणाऱ्या ब्रूपबची चाल महाराष्ट्रात पडली. ग्राहकाला दिसतो तो काउंटरवरचा चकचकीत टॅप. त्याच्या मागे नळीचा मोठा प्रवास असतो. थंड खोलीत केग, केगच्या तोंडाला कपलर, कपलरमधून आत दाब देणारा कार्बन डायऑक्साइड आणि बाहेर निघणारी बिअर. मग भिंतीतून, छतातून, ग्लायकॉलच्या थंड नळ्यांना चिकटून ती टॅपपर्यंत येते. साडेनऊ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत दर मीटरला साधारण ७० मिलिलिटर पेय मावतं. म्हणजे तीस मीटरच्या एका नळीत दोन लिटर बिअर कायम उभी. बारा टॅप असतील तर पंचवीस लिटर. हा हिशोब पुढे लागणार आहे.

या बिअरमध्ये माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा तग धरत नाहीत. अल्कोहोल आहे, हॉप्सचा कडवटपणा आहे, आंबटपणा आहे आणि प्राणवायू जवळपास नाही. पण बिअर बिघडवणारे जंतू याच वातावरणाला सरावलेले असतात. दह्याच्या विरजणातल्या जंतूंचे भाऊबंद लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस बिअर आंबवतात. पेडिओकॉकसमुळे डायॲसिटिल तयार होतं आणि बिअरला पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास येतो. टॅपच्या टोकाशी हवा लागते, तिथे व्हिनेगर बनवणारे जंतू बसतात. रानटी यीस्ट बिअर गढूळ करतं. आणि हे सगळे सुटे पोहत नाहीत. नळीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट, साखरेच्या साखळ्यांचा थर तयार करतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. सकाळी दात घासायच्या आधी दातांवरून जीभ फिरवली की जे लागतं, ती बायोफिल्म. मोरीच्या जाळीवरचा बुळबुळीतपणा हीसुद्धा बायोफिल्म. चूळ भरून दात स्वच्छ होत नाहीत तशी पाणी सोडून नळी स्वच्छ होत नाही. वरचे जंतू वाहून जातात, उरलेल्या थराच्या आडोशाला खालचे जगतात आणि दोन दिवसांत पुन्हा वर येतात.

त्या थराखाली जे खरखरीत लागलं होतं तो बिअरचा क्षार, कॅल्शियम ऑक्झलेट. बहुतेक मुतखडे याच क्षाराचे असतात. अळूच्या पानांनी घसा खाजतो तोही याच क्षाराच्या सुईसारख्या कणांमुळे. फदफद्यात चिंच घालायला आजी विसरत नसे ती म्हणूनच. नळीत हा क्षार बसला की भिंत खडबडीत होते आणि खडबडीत भिंतीवर बायोफिल्मला चांगली पकड मिळते. दोन्ही एकमेकांना धरून वाढतात.

आता धुण्याकडे येऊ. १९५९ मध्ये हर्बर्ट सिन्नर या जर्मन रसायनतज्ज्ञानं धुण्याचं गणित चार गोष्टींत मांडलं: रसायन, तापमान, वेळ आणि घासणं. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. करपलेलं पातेलं रात्रभर भिजवून ठेवणारी बाई हेच करते, घासणं वाचावं म्हणून वेळ देते. नळीत घासायला हात नाही. म्हणून घासण्याचं काम वाहत्या पाण्याकडून करून घ्यावं लागतं, आणि पाणी ते फक्त वेगात वाहतानाच करतं. संथ पाणी थरांथरांनी सरकतं, भिंतीलगतचा थर जवळपास उभाच असतो. वेग वाढला की भोवरे उठतात आणि भिंत खरोखर घासली जाते. अमेरिकेत बिअरच्या नळ्यांसाठी ठरलेली पद्धत अशी: दोन ते तीन टक्के कॉस्टिक सोड्याचं कोमट द्रावण, मिनिटाला साडेसात लिटरच्या वेगानं, पंधरा मिनिटं फिरवायचं. दर चौदा दिवसांनी एकदा. शिवाय दर तिमाहीला ॲसिड, कारण क्षारावर कॉस्टिक पुरेसं पडत नाही. मी साडेनऊ मिलिमीटरच्या नळीसाठी गणित करून पाहिलं, वेग येतो सेकंदाला पावणेदोन मीटर. दुग्धप्रकल्पात दुधाच्या पाइपांसाठी किमान दीड मीटरचा वेग धरतात. दोन वेगळे धंदे एकाच आकड्याजवळ पोचले आहेत, कारण भिंतीचं भौतिकशास्त्र दोघांना सारखंच आहे.

पाइप न उघडता आतल्या आत धुण्याची ही पद्धत डेअऱ्यांमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर रुजली. त्याआधी दुधाचा प्रत्येक पाइप रोज सुटा करून ब्रशनं घासावा लागे. आज कुठल्याही मोठ्या दूध संघात गेलात तर कामगारांच्या तोंडी सीआयपी, म्हणजे क्लीन-इन-प्लेस, हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो, आणि तो सगळा प्रकार पॅनेलवरून चालतो. मग बारमध्येच तो हातानं का राहिला? कारण डेअरी हा कारखाना आहे आणि बार हे दुकान आहे.

हातानं नळ्या धुणं म्हणजे काय ते एकदा पाहायला हवं. रात्री एक वाजता शेवटचा ग्राहक जातो. मुलगा बारा कपलर काढतो, एकेक धुण्याच्या कपाला लावतो. पाणी सोडून उभी बिअर काढून टाकतो. मग हातमोजे आणि चष्मा घालून कॉस्टिक मोजतो. मोजतो असं म्हणायचं, खरं तर बऱ्याचदा अंदाजानं ओततो. पंप लावतो, थांबतो, मग पाणी सोडतो, शेवटच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवतो. नीट केलं तर दोन तास. तो सकाळी अकरापासून उभा असतो. पंधरा मिनिटांची सात मिनिटं होतात, सात मिनिटांचं नुसतं पाणी सोडणं होतं, आणि सहा महिन्यांनी माझ्या खणातला तुकडा तयार होतो. मी त्या मुलाला दोष देत नाही. जे दिसत नाही ते रोज नेमानं करायला लावणं ही माणसाकडून फार मोठी अपेक्षा आहे.

ब्रिटनमध्ये यावर एक सुंदर उपाय सापडला. तिथे दर सात दिवसांनी नळ्या धुवायची शिस्त आहे, आणि काही पबमध्ये जांभळं द्रावण वापरतात. त्यात पोटॅशियम परमँगनेट असतं, म्हणजे आपल्याकडे गावच्या विहिरीत टाकायचे तेच जांभळे खडे. कॉस्टिकमध्ये विरघळलेलं परमँगनेट सेंद्रिय घाणीला भेटलं की जांभळ्याचं हिरवं होतं. टॅप उघडला आणि ग्लासात हिरवं आलं तर नळी अजून घाण आहे. जांभळं आलं तर स्वच्छ. न दिसणारी गोष्ट रंगानं दिसू लागली. स्वयंचलित यंत्राचा जीवही यातच आहे, फक्त रंगाऐवजी विजेनं.

यंत्र असं चालतं. थंड खोलीच्या भिंतीवर धुण्याचे कप एका ओळीत बसवलेले असतात आणि एका मुख्य नळीला जोडलेले असतात. रात्री कपलर केगवरून काढून त्या कपांवर बसवायचे आणि बटण दाबायचं. पुढे पीएलसी नावाचा छोटा संगणक क्रमानं व्हॉल्व्ह उघडतो. आधी पाणी, मग डोसिंग पंप मोजून सोडेल तेवढं कॉस्टिक, मग फिरवणं, थोडा वेळ थांबणं, पुन्हा फिरवणं, मग विसळणं. प्रवाहमापक वेग पाहतो. वेग कमी पडला तर पंधरा मिनिटं मोजायला सुरुवातच होत नाही. एकामागोमाग फार नळ्या जोडल्या की पंप दमतो, ते हातानं धुताना कळत नाही, यंत्राला लगेच कळतं.

सर्वांत हुशार भाग विद्युतवाहकतेचा. नळाच्या पाण्यातून वीज थोडीशी वाहते, दोन टक्के कॉस्टिकमधून शेकडो पट जास्त. परतीच्या नळीत दोन इलेक्ट्रोड बसवले की यंत्राला कळतं की आत्ता इथे काय वाहतंय. आकडा एकदम चढला, कॉस्टिक पोचलं. हवा तितका चढला नाही, डबा रिकामा झालाय किंवा कुणी पातळ केलंय. विसळताना आकडा उतरत उतरत आत येणाऱ्या पाण्याच्या आकड्याला जुळला की मगच विसळणं संपलं. घड्याळानं नाही, पाण्यानं सांगितलं म्हणून. आणि हे सगळं तारीख-वेळेसह नोंदलं जातं. मला विचाराल तर वेळ आणि मेहनत वाचते हा या यंत्राचा दुय्यम फायदा आहे. खरा फायदा हा की 'धुतली' या शब्दाला पुरावा मिळतो.

बिअरचा हिशोबही इथेच येतो. बारा नळ्यांतली पंचवीस लिटर बिअर दर चौदा दिवसांनी ओतून टाकली तर वर्षाला साडेसहाशे लिटर जाते. मालक धुणं टाळतो त्यात हाही आकडा असतो. यंत्र पाण्यानं बिअर पुढे ढकलतं, आणि बिअर संपून पाणी कुठे सुरू होतं ते त्याला ओळखता येतं. मग दुकान बंद व्हायच्या आधी त्या नळीतली बिअर ग्लासात विकता येते.

एक चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. पंपाचे पैसे वाचवायला कॉस्टिक थेट कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं ढकलतात, गॅस तिथे असतोच ना. पण कार्बन डायऑक्साइड आणि कॉस्टिक एकमेकांना खातात आणि धुण्याचा सोडा बनतो. म्हणजे धुणारं रसायन वाटेतच दुबळं होतं. मोठ्या टाक्यांमध्ये याहून वाईट घडतं: गॅसनं भरलेल्या बंद टाकीत कॉस्टिक फवारलं की गॅस विरून जातो, आत पोकळी होते आणि जाड पोलादी टाकी पत्र्याच्या डब्यासारखी चेपते. दुसरी चूक जिवावरची. क्लोरीन असलेलं द्रावण आणि ॲसिड एका नळीत भेटले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही रसायनं एकाच यंत्रात असतील तर मध्ये पाण्याचा टप्पा वगळताच येऊ नये, अशी रचना हवी.

आणि यंत्राला सर्वांत मोठं बंधन हे हवं की नळीत कॉस्टिक असताना पेय देता येणार नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात २०१४ मध्ये एका उपाहारगृहात साफसफाईचं कॉस्टिकयुक्त रसायन साखर समजून आइस्ड टीमध्ये मिसळलं गेलं. तो चहा प्यायलेल्या बाईंचं तोंड आणि घसा भाजून निघाला. कॉस्टिकचं द्रावण तर दिसायला पाण्यासारखं असतं, त्याला वास नसतो. कपलर धुण्याच्या कपावर असेल तोवर टॅपवर लाल दिवा आणि आकडा पाण्याला जुळल्याशिवाय हिरवा नाही, एवढं तरी मी प्रत्येक ठिकाणी हट्टानं करून घेतो.

शीतपेयांच्या मशिनांची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे नळीतून घट्ट सिरप येतं आणि शेवटच्या तोंडाशी त्यात पाचपट सोडावॉटर मिसळतं. घट्ट सिरपमध्ये जंतू वाढत नाहीत, मुरांबा वर्षभर टिकतो त्याच कारणानं. साखर जंतूंमधलं पाणीच ओढून घेते. पण मुरांब्याच्या पाकात पाणी पडलं तर? तो चार दिवसांत फसफसतो. मशिनचं तोंड म्हणजे पाकात पाणी पडण्याची जागा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रोअनोक भागात तीस मशिनांतल्या नव्वद पेयांची तपासणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ४८ टक्के पेयांत कोलिफॉर्म जंतू सापडले, ११ टक्क्यांहून जास्त पेयांत ई. कोलाय. इथे बिअरसारखा अल्कोहोलचा पहारा नाही, म्हणून शीतपेयाचं मशिन धुण्याबाबत मी जास्त कडक आहे. तेच सोडावॉटर मागे सरकून इमारतीच्या तांब्याच्या पाइपात गेलं तर तांबं विरघळतं आणि प्यायल्यावर उलट्या होतात. उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह त्यासाठी असतो. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी करू नये हे ज्यांनी घरात ऐकलंय, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

छोट्या बारला, चार टॅपवाल्याला, हे यंत्र घ्या असं मी सांगणार नाही. चाकावरचा एक चांगला पंप, मोजपात्र आणि पीएचच्या पट्ट्या पुरतात. पारदर्शक विनाइलच्या नळ्या मात्र दरवर्षी बदलाव्यात. त्या मऊ असतात, त्यांच्यात वास मुरतो, आणि मुरलेला वास कॉस्टिकनंही जात नाही. वीस-पंचवीस टॅप असतील किंवा एकाच मालकाच्या पाच शाखा असतील तिथे यंत्राशिवाय शिस्त टिकताना मी पाहिलेली नाही.

तरीही एक प्रसंग मला सांगितलाच पाहिजे. एका ठिकाणी मी स्वतः उभं राहून यंत्र बसवून घेतलं होतं. तीन महिन्यांनी मालकाचा फोन आला. बिअरला आंबूस वास येतोय. मी नोंदी मागवल्या. सहाच्या सहा धुणी व्यवस्थित. वेग बरोबर, कॉस्टिक बरोबर, विसळणं बरोबर. नळ्यांत दोष सापडेना. मामांना घेऊन गेलो. त्यांनी नोंदींकडे पाहिलंही नाही. सरळ काउंटरवर गेले, पाना लावून एक टॅप उघडला आणि त्याची तोटी माझ्या नाकाशी धरली. व्हिनेगर.

त्या प्रकारच्या टॅपमध्ये झडप मागे असते. टॅप बंद केला की झडपेच्या पुढचा भाग रिकामा होतो आणि छोट्या भोकातून हवा आत येते. प्रत्येक ग्लासानंतर तिथे बिअरचा ओलावा राहतो, हवा लागते, वाळतो, पुन्हा भिजतो. धुताना टॅप बंद असेल तर द्रावण झडपेच्या मागेच अडतं. उघडा ठेवला तरी ते तोटीतून एका अंगानं वाहतं, हवेच्या भोकात शिरत नाही. यंत्राचा सेन्सर परतीच्या नळीत होता आणि तो खरंच सांगत होता, पण त्याच्या पुढच्या तीन इंचांबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. टॅप सुटा करून हातानं घासायला मीच त्यांना सांगायचं विसरलो होतो. पत्रकात लिहिलं होतं, पण दाखवलं नव्हतं.

त्या रात्री मामांनी बाराही टॅप काढले. प्रत्येकाचे सुटे भाग, झडप, दांडा, रबराची रिंग, स्टीलच्या पातेल्यात कोमट द्रावणात टाकले. काउंटरवरच्या मुलाला शेजारी बसवलं आणि बोटाएवढा नायलॉनचा ब्रश त्याच्या हातात दिला. "भोकात घाल. फिरव. आता उजेडाकडे धरून बघ." मुलानं एकेक तोटी डोळ्याशी नेली, दिव्याकडे धरली, पुन्हा ब्रश घातला. मागच्या खोलीत यंत्रानं धुणं संपल्याची शिटी दिली. आम्ही पाचव्या टॅपवर होतो.